नोकरी सांभाळून नर्सिंग : घराने मांडायचा हिशेब

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सचिवांनी आम्हाला विषय दिला तो असा : ‘नोकरी करता करता, परवडेल अशा खर्चात नर्सिंगचा कोर्स कसा निवडावा?’ आम्ही आरोग्य खात्यात नाही. राज्य सरकारच्या नोकरीत आहोत, पण आमचं टेबल वेगळं. तेव्हा हे कुणा तज्ज्ञाचं भाषण नाही. गेल्या वर्षी आमच्या घरात या विषयावर जे रामायण झालं ते सचिवांच्या कानावर होतं. ते म्हणाले, ‘तुम्ही फसलात ना, मग तुम्हीच बोला.’ म्हणून उभे राहिलो आहोत.

आमचा धाकटा भाऊ पीथमपूरला कंत्राटी कामावर आहे. मध्यंतरी तिथले कामाचे दिवस कमी झाले आणि पगारही. त्याची बायको, म्हणजे आमची भावजय, इंदुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरवर बसायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, पगार महिना ११,५००. सहा वर्षं तिने हे काम केलं. त्या सहा वर्षांत पगार वाढला तो नावापुरता. तिच्या डोळ्यांसमोर नव्या सिस्टर यायच्या, वर्ष-दोन वर्षांत तिच्यापेक्षा जास्त पगार घ्यायच्या, आणि हॉस्पिटल बदललं तरी त्यांना दुसरीकडे काम मिळायचं. एक दिवस जेवताना ती म्हणाली, ‘दादा, मला नर्सिंग करायचंय. पण नोकरी सोडून चालणार नाही.’ तेव्हा तिचं वय ३२.

नोकरी सोडून चालणार नाही, हे आम्हाला लगेच पटलं. आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर पहिल्या तारखेला घरात पैसे न येणं म्हणजे काय, हे आम्ही दोघा भावांनी लहानपणी पाहिलं आहे. आणि दुसरं, आम्ही स्वतः डिप्लोमा केला तो दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग अशा पद्धतीनं. त्यामुळे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की आम्ही केलं तर तीही करील. नर्सिंगचेही संध्याकाळचे वर्ग कुठे तरी असतीलच. त्यातच अमेरिकेतल्या आमच्या मावसभावाने फोनवर सांगितलं, की तिकडे ‘प्रॅक्टिकल नर्स’ नावाचा साधारण वर्षभराचा कोर्स असतो आणि काही ठिकाणी तो संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी चालतो. झालं! आम्ही शोधायला लागलो.

शोधायला लागलं की सापडतंच. एका ‘शैक्षणिक सल्लागारा’चा पत्ता मिळाला. गृहस्थ गोड बोलणारे. म्हणाले, ‘जीएनएम, तीन वर्षं, एक लाख ऐंशी हजार. नोकरी चालू ठेवा. फक्त परीक्षेला या.’ याला ते ‘नॉन-अटेंडिंग’ म्हणत होते. नर्सिंग कॉलेजांच्या भानगडी आम्ही वर्तमानपत्रात वाचलेल्या होत्या, म्हणून विचारलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं : ‘आमचं कॉलेज चौकशीत पास झालेलं आहे.’ आम्ही २५,००० रुपये आगाऊ दिले. पावती एका साध्या कागदावर, कॉलेजचं नाव नाही, शिक्का नाही. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कागदांवर त्रुटी काढणारे आम्ही, पण घरच्या कागदावर एकही त्रुटी काढली नाही.

पुढची गोष्ट भावजयीमुळे घडली. तिने हॉस्पिटलातल्या एका वयस्क सिस्टरना आनंदाने ही बातमी सांगितली. त्या मूळच्या केरळच्या, पण पंचवीस वर्षं इंदुरात. त्या म्हणाल्या, ‘बेटा, हाज़िरी नहीं लगाओगी तो सीखोगी कहाँ?’ मग त्यांनी तिला औषधांच्या कपाटाशी नेलं आणि पोटॅशियम क्लोराइडची छोटी कुपी हातात दिली. दिसायला पाण्यासारखी. हे पातळ करून, सलाइनमधून, सावकाश द्यायचं असतं. घाईत थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. सिस्टरनी एवढंच विचारलं, ‘रात्री दोन वाजता, चाळीस पेशंट आणि तू एकटी. हे तुला कुणी शिकवलेलं असेल?’

त्या रात्री ती घरी येऊन म्हणाली, ‘दादा, कॉलेज बघून येऊ.’ रविवारी नव्हे, मुद्दाम बुधवारी, रजा टाकून गेलो. शहराबाहेर एका मॅरेज गार्डनच्या मागे दुमजली इमारत. वर कॉलेजची पाटी, खाली हॉस्पिटलची. आत ओळीनं खाटा होत्या, गाद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. पेशंट एकही नाही, विद्यार्थी एकही नाही, फक्त एक चौकीदार. परत येताना गाडीवर आम्ही तिघं काही बोललो नाही. २५,००० रुपये मागायला गेलो तेव्हा ‘प्रक्रिया सुरू झाली, आता परत मिळणार नाहीत’ असं उत्तर आलं. ते आजतागायत मिळालेले नाहीत.

त्यानंतर मात्र आम्ही नियम वाचायला बसलो. जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. त्यातलं जे प्रत्येक घराला उपयोगी पडेल ते आता सांगतो.

आपल्या देशात नर्सिंगचे मुख्य रस्ते तीन. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुली-बायकांसाठी, मुख्यतः गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी. जीएनएम तीन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. जीएनएम झाल्यावर पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतो, म्हणजे जीएनएम केलं तर पुढची वाट बंद होत नाही. अमेरिकेतल्या त्या एका वर्षाच्या कोर्सला आपल्याकडे जोडीदार नाही. मावसभाऊ खोटं बोलला नव्हता, पण तो तिथलं सांगत होता.

आता मुख्य मुद्दा. हे तिन्ही कोर्स पूर्णवेळ आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वर्गाला आणि प्रात्यक्षिकाला किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि शेवटचं प्रमाणपत्र मिळण्याआधी वॉर्डातल्या कामाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. आजारपणात दिवस बुडाले तर तेही भरून काढावे लागतात. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, सगळं विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखं नाही. तेव्हा ‘नोकरी चालू ठेवा, फक्त परीक्षेला या’ असं कुणी म्हणाला, तर तो कोर्स विकत नाही, कागद विकतो आहे.

आणि त्या कागदाचं पुढे काय होतं, हे आपल्या मध्य प्रदेशाइतकं दुसऱ्या कुणाला सांगायला नको. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने राज्यातल्या तीनशेहून अधिक नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली. २०२४ साली साठाहून अधिक कॉलेजं अपात्र म्हणून समोर आली, आणखी कित्येकांत त्रुटी निघाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात चांगला अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून खुद्द तपास करणाऱ्यांतल्या काही जणांना अटक झाली. म्हणजे ‘चौकशीत पास’ हे वाक्यसुद्धा डोळे मिटून मानण्यासारखं राहिलं नाही. या सगळ्यात परीक्षा रखडल्या आणि २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या पोरा-पोरींची वर्षंच्या वर्षं गेली. त्यातल्या पुष्कळांनी प्रामाणिकपणे फी भरली होती. आपल्या ओळखीत अशी दोन घरं आहेत. त्यांची नावं घेत नाही.

मग कॉलेज निवडायचं कसं? आम्ही चार गोष्टी बघायला शिकलो.

पहिली, मान्यता. कॉलेज मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलच्या आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, आणि ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षासाठी आहे का, हे स्वतः बघावं. भिंतीवर लावलेलं जुनं फ्रेममधलं पत्र पुरत नाही. किती जागांची मान्यता आहे तेही बघावं, कारण जागा ६० आणि प्रवेश शंभर, असंही होतं.

दुसरी, हॉस्पिटल. जीएनएम आणि बीएस्सीसाठी स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असावं अशी अपेक्षा आहे. पण खाटा मोजू नका, माणसं मोजा. कामाच्या दिवशी सकाळी दहाला, न कळवता जा. ओपीडीत रांग आहे का? वॉर्डात विद्यार्थी दिसतात का? एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, ‘गेल्या महिन्यात तुझी पोस्टिंग कुठे होती?’ खरोखर शिकणारी मुलगी चटकन सांगते : सर्जिकल वॉर्ड, लेबर रूम, मुलांचा वॉर्ड. सरकारी जागेची किंमत इथे कळते. एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात विद्यार्थ्याला एका महिन्यात जेवढं बघायला मिळतं, तेवढं रिकाम्या इमारतीत तीन वर्षांतही मिळणार नाही.

तिसरी, आधीची बॅच. तिथून पास झालेल्या दोघी-तिघींना भेटा. त्यांची कौन्सिलमध्ये नोंदणी झाली का, हे विचारा. गुणपत्रिका मिळणं वेगळं आणि नोंदणी क्रमांक मिळणं वेगळं. नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

चौथी, पैशाचा कागद. शिक्षण शुल्क, वसतिगृह, मेस, गणवेश, परीक्षा फी, हॉस्पिटलला नेणारी बस, तीनही वर्षांचं सगळं लेखी मागा. पैसे कॉलेजच्या खात्यातच भरा. मूळ गुणपत्रिका एजंटच्या हातात देऊ नका. आणि एक युक्ती : राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन या कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज मिळेल का, असं विचारा. कर्ज घ्यायचं नसलं तरी विचारा. बँकेचा माणूस मान्यतेचे कागद मागतो, आणि तिथे पुष्कळ गोष्टी उघड होतात.

वयाचीही एक अट आहे. कौन्सिलच्या नियमाप्रमाणे जीएनएमच्या प्रवेशाला वरची मर्यादा ३५ वर्षं. तेव्हा तिशी ओलांडलेल्या आपल्या लेकी-सुनांनी ‘मुलगा दहावी झाला की बघू’ म्हणत थांबू नये. सरकारी जागांसाठी कर्मचारी चयन मंडळ, ज्याला आपण अजून व्यापमंच म्हणतो, निवड परीक्षा घेतं : बीएस्सीसाठी पीएनएसटी, जीएनएमसाठी जीएनटीएसटी. त्या त्या वर्षीची नियमपुस्तिका ओळ न ओळ वाचावी. विषय, वय, मूळ रहिवासी दाखला, सगळं तिच्यात असतं.

आणखी एक प्रकार आहे, त्याचीही गल्लत होते. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ म्हणजे जीडीए, काही महिन्यांचा कोर्स. तो वाईट नाही. पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, खायला घालणं हे त्यात शिकवतात आणि त्यावर काम मिळतं. ज्यांना तीन वर्षं थांबणं शक्यच नाही त्यांनी तो अवश्य करावा. पण तो करून नर्स होता येत नाही, नोंदणी मिळत नाही. जाहिरातीत ‘नर्सिंग’ शब्द मोठा आणि ‘असिस्टंट’ शब्द बारीक छापलेला असतो.

आता हिशेबाकडे येतो. आमची चूक कोर्स निवडण्यात झाली त्याआधी हिशेबात झाली. आम्ही फक्त फी बघत होतो. खरा आकडा फीचा नसतो, बुडणाऱ्या पगाराचा असतो. ११,५०० गुणिले ३६ महिने म्हणजे ४,१४,०००. सरकारी केंद्रात शिक्षण शुल्क फार थोडं, पण मेस, पुस्तकं, गणवेश, येणं-जाणं धरून आम्हाला महिना ५,००० चा अंदाज आला, म्हणजे तीन वर्षांत १,८०,०००. गंमत बघा, एजंटचा आकडाही तोच होता. तो आम्हाला पगार वाचवून देणार होता, एवढाच फरक. त्या चार लाखांच्या मोहात आम्ही २५,००० घालवले.

मग आम्ही प्रश्न बदलला. ‘नोकरीत बसेल असा कोर्स कुठला?’ हे सोडून दिलं. ‘तिची नोकरी नसलेली तीन वर्षं हे घर कसं काढणार?’ असा विचार सुरू केला. महिन्याला १६,५०० चा खड्डा. वही घेऊन सगळे बसलो, आईसुद्धा. भावाने रात्रपाळी मागून घेतली, भत्ता २,५००. आमच्या घरून दरमहा ५,०००. पुतण्याची स्कूलबस बंद, आम्हीच शाळेत सोडू, वाचले १,२००. गाडीचा हप्ता २,८०० चा, तो थोड्याच महिन्यांत संपणार होता. झाले ११,५००. उरलेले ५,००० शैक्षणिक कर्जातून. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आणि कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने हप्ते सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, हे विसरू नका.

हे सगळं जुळवायला वर्ष लागलं. त्या वर्षात तिने नोकरी सोडली नाही. पूर्णवेळ नोकरी सांभाळून कोर्स होत नाही, पण तयारी होते. पहाटे पाच ते सात ती अकरावी-बारावीचं बायोलॉजी पुन्हा वाचायची. बारावी होऊन चौदा वर्षं झालेली. पुस्तकं सोसायटीतल्या एका मुलाची, शंका विचारायला तोच. रविवारी जुन्या प्रश्नपत्रिका. जेवढी बचत जमली तेवढी वेगळ्या खात्यात. शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात तिला जीएनएमची जागा मिळाली. ३३ व्या वर्षी ती पुन्हा वसतिगृहात राहायला गेली, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींबरोबर.

सगळं गोड झालं असं नाही. पुतण्या चौथीत आहे, तो आमच्याकडे राहतो. पहिले पंधरा दिवस रात्री उठून आईला शोधायचा. भाऊ रात्रपाळीने वाळला आहे. गेल्या महिन्यात आईला दवाखान्यात न्यावं लागलं आणि वहीतला हिशेब तिथेच कोलमडला. आम्ही पुढच्या महिन्यात सावरू. हे यासाठी सांगतो, की ‘जमवून घेऊ’ हा शब्द आपण फार पटकन बोलतो. वहीत आकडे घालून बोलावं. आणि आकडे जमतच नसतील तर या वर्षी नको म्हणण्यात कमीपणा नाही. कर्ज काढून, एजंटला देऊन, अर्ध्यात सोडण्यापेक्षा ते बरं.

शेवटी आपल्या घरांबद्दल थोडं. आमच्या आईचा पहिला प्रश्न होता, ‘दुसऱ्यांची घाण काढायची?’ आपल्या पुष्कळ घरांत हाच प्रश्न येतो. मुलगी डॉक्टर झालेली चालते, बँकेत गेलेली चालते, नर्स म्हटलं की चेहरे बदलतात. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने बायकांना नर्सिंगचं शिक्षण देण्याची सोय केली, तेव्हा त्यांनीही असेच चेहरे पाहिले असतील. शंभरहून अधिक वर्षं झाली. आता तरी आपण पुढे सरकावं.

मागच्या शनिवारी भावजय घरी आली होती. आईजवळ बसली आणि न विचारता तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. दोनदा मोजलं, वहीत लिहिलं, आणि म्हणाली, ‘आई, संध्याकाळची गोळी तुम्ही चुकवता आहात.’ आईने आमच्याकडे पाहिलं आणि गप्प बसली. रात्री गोळी स्वतःहून मागून घेतली.

मंडळाला आमची एक विनंती आहे. गणेशोत्सवानंतर दर रविवारी सकाळी दोन तास आम्ही मंडळाच्या खोलीत बसू. कुणाच्या घरी नर्सिंगचा विचार चालू असेल त्यांनी पैसे भरण्याआधी कागद घेऊन यावं. आम्ही यादीशी ताडून बघू, आणि गरज पडली तर एखाद्या बुधवारी तुमच्याबरोबर कॉलेज बघायलाही येऊ. आमच्या २५,००० रुपयांत निदान एवढं तरी वसूल व्हावं.

 गणपती बाप्पा मोरया!